दहा मोजेपर्यंत

आमच्या घरात गुडघे दुखत नाहीत, गुडघे जातात. "काय सांगू बाई, माझे गुडघेच गेले," असं आई म्हणायची आणि समोरची बाई लगेच आपल्या गुडघ्यावर हात ठेवायची. तिचेही गेलेले असायचे. डोळे जातात, कान जातात, दात जातात, तसे गुडघे. माणूस गेल्यावर जे क्रियापद वापरतो तेच. गेल्याचा शोक करायचा असतो. गेलेल्याला कुणी व्यायाम शिकवायला जात नाही.

आमचं घर वाईला, गणपती घाटापासून चार मिनिटांवर. कृष्णेच्या त्या पायऱ्यांवर आईचं निम्मं आयुष्य गेलं. लग्न होऊन ती आली तेव्हा धुणं घाटावरच व्हायचं. पिळलेल्या कपड्यांची बादली कमरेवर घेऊन ती पायऱ्या चढायची, घरी येऊन वाळत घालायची आणि लगेच विळीवर बसायची. कृष्णाबाईच्या उत्सवात तिला पंगतीत वाढायला आवडायचं, वाढून झालं की शेवटच्या पंगतीला मांडी घालून जेवायला त्याहून आवडायचं. मग साठीत कधीतरी गुडघे धरायला लागले. आधी उठताना, मग जिन्यावर, मग रात्री कूस बदलताना. गेली चार वर्षं ती घाटावर वरच्या पायरीपाशीच थांबायची. तिथून नदीला हात जोडायची आणि परत फिरायची.

ज्या डॉक्टरांकडे आम्ही पहिल्यांदा गेलो त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "मावशी, वंगण संपलंय. हाडाला हाड घासतंय. गाडीचे टायर झिजतात ना, तसं. आता जपायचं." मग काय काय करायचं नाही ते सांगितलं. मांडी नको, उकिडवं नको, जिना नको, जास्त चालणं नको. गोळ्या दिल्या, पट्टा दिला. काय करायचं, याबद्दल एक अवाक्षर नाही. मी शेजारीच होते. मीही विचारलं नाही, कारण टायरचं उदाहरण मलाही पटलं होतं.

आईने ते ऐकलं आणि पाळलं. संध्याकाळचं फिरणं बंद केलं. देवळात जाणं बंद केलं. घाट तर सुटलाच होता, मग भजनी मंडळ सुटलं, कारण ते एका मैत्रिणीच्या माडीवर भरायचं. स्वयंपाक मात्र तसाच चालू राहिला. सकाळी सहाला दूध, नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा चहा, नातवाचा डबा, दुपारची भांडी, रात्रीचं निवडणं. हे लक्षात यायला मला दोन वर्षं लागली. जपायचं म्हणून तिने जे सोडलं ते सगळं तिचं स्वतःचं होतं आणि जे ठेवलं ते सगळं घराचं.

एका दुपारी ती पलंगावर पाय सोडून गुडघ्यांना तिळाचं तेल चोळत होती. परकर मांडीपर्यंत वर घेतलेला. ती मांडी पाहून मी चपापले. गुडघ्याच्या वर जिथे भरीव मांस असायचं तिथे खळगा पडला होता. वाटी एखाद्या उपड्या ठेवलेल्या पेल्यासारखी वेगळी दिसत होती. तेल लावणारे तिचे दंड अजून घट्ट होते, कणीक मळून मळून झालेले. पाय मात्र कुणा आजारी बाईचे वाटत होते. त्या दिवसापासून मला टायरचं उदाहरण खुपायला लागलं. टायर न वापरता ठेवला तर तो बारीक होत नाही.

मग मी वाचायला लागले, विचारायला लागले. जे कळलं ते इतकं साधं होतं की ते आम्हाला आधी कुणी का सांगितलं नाही याचा राग आला. तो राग अजून आहे. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं आणि तो द्रव तिच्यात आत-बाहेर होतो तो दाबामुळे. वजन पडलं की ती दबते, वजन उचललं की स्पंजासारखी पुन्हा शोषून घेते. म्हणजे पायावर भार येणं, तो उतरणं, पुन्हा येणं, हेच तिचं जेवण. झिजू नये म्हणून गुडघा बाजूला ठेवून द्यायचा, याचा अर्थ त्याला उपाशी ठेवायचं. आणि गुडघ्यावर येणारा धक्का सोसण्यात मोठा वाटा असतो मांडीच्या पुढच्या स्नायूचा. दुखऱ्या, सुजलेल्या सांध्याकडून येणारे संदेश या स्नायूचा जोर दाबून टाकतात. दुखतं म्हणून हलवत नाही, हलवत नाही म्हणून स्नायू वाळतो, स्नायू वाळला म्हणून जास्त दुखतं. अमेरिकेत इंडियानामध्ये १९९७ साली वयस्कर माणसांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एक्स-रेवर झीज दिसते पण गुडघा अजून दुखत नाही, अशांच्याही मांड्या कमजोर निघाल्या. पुढच्याच वर्षी त्याच मंडळींनी बायकांबद्दल आणखी एक गोष्ट दाखवली. वजनाच्या मानाने ज्यांच्या मांडीत जोर कमी होता, त्यांच्यात पुढे गुडघ्याचा हा विकार होण्याचा धोका जास्त दिसला. मला आईच्या मांडीतला तो खळगा आठवला. आम्ही इतकी वर्षं फक्त वाटीकडे बघत होतो.

एक्स-रेबद्दलही एक कळलं. चित्र फार वाईट असून बाई हिंडती-फिरती असते आणि चित्र बरं असून बाई जाग्यावरून हलत नाही, असं सर्रास घडतं. आईने तो एक्स-रे गोदरेजच्या कपाटात, लग्नाच्या शालूशेजारी जपून ठेवला होता. आल्या-गेल्याला काढून दाखवायची.

मग मी आईला फिजिओथेरपिस्टकडे नेलं. मुलगी सव्वीस-सत्तावीसची असेल. तिने एक्स-रे पाहिला, बाजूला ठेवला आणि म्हणाली, "काकू, आता तुम्ही उठून दाखवा." भिंतीला टेकवलेली बिनहाताची खुर्ची, हात छातीवर घडी घातलेले, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं ते मोजायचं. आई पहिल्यांदा उठायला गेली आणि तिचे हात आपोआप मांडीकडे गेले. मुलीने हळूच ते पुन्हा वर ठेवले. आईच्या चार झाल्या. पाचव्याला ती अर्ध्यातून खाली बसली.

"तुमच्या वयाच्या बायकांच्या साधारण दहा ते पंधरा होतात," मुलगी म्हणाली. त्या बोलण्यात दटावणी नव्हती, कीवही नव्हती. लग्न होऊन सासरी आलेली सून सासूशी बोलावी तसं तिचं बोलणं होतं, अदबीचं पण न घाबरता. आईने विचारलं, "आणि झिजलंय त्याचं काय?" ती म्हणाली, "झिजलंय ते राहू दे काकू. मांडी तर झिजलेली नाही, झोपलीय. तिला उठवू."

मग तिने विचारलं, आत्ता किती दुखतंय, दहापैकी? आईला हा प्रश्न कळेना. दुखण्याला आकडा असतो हे तिने कधी ऐकलं नव्हतं. तिच्याकडे दोनच मापं होती: 'चालतंय' आणि 'अगदीच होत नाही.' या दोहोंमध्ये एवढी मोठी जागा आहे, तिथे तीन आहे, चार आहे, पाच आहे, आणि व्यायाम करताना पाचापर्यंत दुखलं तरी चालतं, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी ते पहिल्यासारखं व्हायला हवं, हे ऐकून ती किती वेळ गप्प बसली होती. दुखणं म्हणजे काहीतरी मोडतंय, ही समजूत उतरणं औषधाइतकंच महत्त्वाचं आहे. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून गुडघा आणि खुब्याच्या दुखण्यासाठी जो कार्यक्रम चालतो, त्याची सुरुवातच समजावून सांगण्यापासून होते. आधी शिकवणी, मग देखरेखीखाली ६ आठवड्यांत १२ वेळा व्यायाम. यंत्रं फारशी लागत नाहीत. एक खुर्ची, एक पायरी, आणि गुडघा पावलाच्या रेषेत राहतोय ना, आत कलत नाही ना, हे बघायला आरसा. आमच्याकडे आरसा कपाटाला होता. ज्या कपाटात एक्स-रे होता त्यालाच.

घरी करायचे व्यायाम चारच होते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची. पाय सरळ ठेवून वीतभर वर उचलायचा आणि दहा मोजेपर्यंत धरायचा. खुर्चीवरून हात न लावता उठायचं. ओट्याला धरून गुडघे थोडे वाकवायचे, पुन्हा ताठ व्हायचं. मी आठवडाभर रजा घेऊन वाईला राहिले. ही सगळी फार सोपी गोष्ट आहे, असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं.

आई पलंगावर आडवी झाली. उजवा पाय उचलला. "एक. दोन. तीन." पाय थरथरायला लागला, टाचेपासून मांडीपर्यंत बारीक कंप. "चार. पाच. सहा." बाहेरून नानांची हाक आली, "अगं, माझा चष्मा कुठं ठेवलाय?" पाय खाली. ती उठली, चष्मा दिला, परत आली. डावा पाय. सातपर्यंत पोचली आणि कुकरची शिट्टी झाली. पाय खाली. वहिनी कामावर गेलेली, गॅस बारीक करायला आईच गेली. संध्याकाळी पुन्हा बसली तर नातू आला, "आजी, भूक." दुसऱ्या दिवशी दूधवाला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू हळदीकुंकवाचं आमंत्रण घेऊन. सात, सहा, आठ, पाच. त्या आठवड्यात मी तिला एकदाही दहापर्यंत पोचताना पाहिलं नाही. कुणी तिला अडवलं नव्हतं. "झाल्यावर दे, घाई नाही" असं तिला कुणीही म्हटलं असतं. पण हाक आली की तिचा पाय आपोआप खाली यायचा. पन्नास वर्षांची सवय त्या स्नायूला होती. मला तेव्हा कळलं की तिला मांडीचा जोर वाढवायच्या आधी दुसरंच काहीतरी शिकायचं होतं. दहा सेकंद आपले असतात हे.

मी एकदा जरा चिडूनच बोलले. ती म्हणाली, "दिवसभर राबतेय ना मी. अजून कसला व्यायाम?" या प्रश्नाला मी मान देते. आपल्याकडच्या प्रत्येक वयस्कर बाईच्या मनात तो असतो आणि तो आळसातून आलेला नसतो. पण राबणं आणि व्यायाम यांत एक फरक आहे, तो कुणीतरी नीट सांगायला हवा. स्नायूला जोर येतो तो ओझं थोडं थोडं वाढत गेलं तर, आणि मध्ये त्याला विसावा मिळाला तर. घरकामात ओझं वाढत नाही, विसावा मिळत नाही. तीच भांडी, तोच कोन, तीच उंची. त्यातून दमणूक साठते, बळ साठत नाही. भाकरी थापताना दोन तास एका जागी उभं राहिलेले पाय चालत नाहीत की वाकत नाहीत, नुसते सोसत राहतात.

बॉस्टनमधल्या एका वृद्धनिवासातल्या १० जणांना ८ आठवडे मांडीचा वजनी व्यायाम दिला होता, तो अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. त्यांची वयं ८६ ते ९६. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांच्या मांडीचं बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढलं. मी हे आईला सांगितलं तेव्हा तिने आकड्याकडे लक्षच दिलं नाही. ती म्हणाली, "शहाण्णव? मग मी अजून पोरच आहे."

त्यानंतर ती स्वतःच कामाला लागली. फिजिओ मुलीने पायाला बांधायचे वजनाचे पट्टे आणायला सांगितले होते. आईला ते महाग वाटले. तिने धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या काढल्या, शेजारी बांधकामाला पडलेली वाळू चाळणीने चाळून घेतली, त्यात भरली, तोंडं रबराने बांधली. जुन्या साडीच्या फॉलचं कापड दुहेरी करून त्याची नळी शिवली, त्यात पिशव्या सरकवल्या आणि दोन्ही टोकांना परकराच्या नाड्या लावल्या. वजन वाण्याकडे जाऊन करून आणलं, अर्धा किलो एक. तीन आठवड्यांनी तिने त्यात पाव किलो वाळू वाढवली. फोनवर मला रोज आकडा सांगायची. आधी ती मला भाज्यांचे भाव सांगायची.

वेळही तिनेच शोधली. पहाटे साडेपाच, घर उठायच्या आधी. हा उपाय मला आवडला नव्हता. घराने दिवसातला अर्धा तास तिला द्यायला हवा होता, तिने झोपेतून तो काढायला नको होता. पण ती म्हणाली, "या वेळी कुणी हाक मारत नाही." मी गप्प बसले. पुढे एकदा नानांनाच ते जाणवलं असावं. ते उठून स्वतः चहा ठेवायला लागले. दोन कप.

गुडघा बरा झाला, असं मी लिहिणार नाही. व्यायामाने गेलेली कूर्चा परत उगवत नाही. अमेरिकेत साठीच्या पुढच्या ४३९ जणांवर दीड वर्ष चाललेला एक मोठा प्रयोग १९९७ साली प्रसिद्ध झाला होता. चालण्याचा व्यायाम करणारे आणि वजनं उचलणारे, दोन्ही गट नुसती माहिती दिलेल्या गटापेक्षा कमी दुखण्यात आणि जास्त हालचालीत होते, पण फरक बेताचा होता. आणि व्यायाम सोडला की मिळवलेलं ओसरतं. ज्यांचा सांधा अगदीच गेला आहे त्यांना शस्त्रक्रियेने खरोखर नवं आयुष्य मिळतं. २००० साली पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा गुडघा मुंबईत ब्रीच कँडीत बदलला तेव्हापासून आमच्या आळीतही 'गुडघा बदलणं' हा शब्दप्रयोग रुळला. तीही गोष्ट बायकांपर्यंत उशिरा पोचते. कॅनडात ओंटारिओमधली एक पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली, तेव्हा गरज असून सांधा न बदललेल्यांत बायकांचं प्रमाण पुरुषांच्या तिपटीहून जास्त निघालं. तिकडेही बाया थांबतातच तर.

आईचं वजन सहा महिन्यांत दोनच किलो उतरलं. ती हिरमुसली. मग फिजिओ मुलीने तिला सांगितलं की २००५ सालच्या एका अभ्यासात असं दिसलंय, शरीराचं १ किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचं ४ किलो ओझं उतरतं. आईने मनात गुणाकार केला. "आठ किलो. म्हणजे दर पावलाला दळणाचा डबा खाली ठेवल्यासारखं." त्या दिवशी तिने बाजारात जाताना रिक्षा केली नाही.

खुर्चीची मोजणी पुन्हा झाली तेव्हा नऊ झाल्या. दुखणं सहाचं तीनवर आलं होतं, पावसाळ्यात पुन्हा चार. हे आकडे आता तीच सांगते, शेजारणींनाही विचारते, "तुझं किती आज?" भजनी मंडळातल्या दोघी पहाटे येतात. पलंगावर जागा पुरत नाही म्हणून शेजारी लाकडी दिवाण ओढलाय. तिघी मोठ्याने एकत्र मोजतात. तिघींत मोजताना मध्येच कुणी थांबत नाही हे मी पाहिलं.

फेब्रुवारीत मी गेले तेव्हा आई म्हणाली, "चल, घाटावर." वरच्या पायरीपाशी ती थांबली. फिजिओ मुलीचा नियम तिने मला ऐकवला: चढताना धडका पाय आधी, उतरताना दुखरा आधी. माझ्या खांद्यावर हात ठेवून तिने डावा पाय खाली ठेवला, मग उजवा त्याच्या शेजारी. पुन्हा डावा. दर पायरीला तिची बोटं माझ्या खांद्यात रुतायची आणि पुढच्या पायरीला सैल पडायची. एका बाईने आम्हाला वाट द्यायला बाजूला होऊन कपड्यांची बादली उचलली. पाण्यापर्यंत आम्ही गेलो नाही. तीन पायऱ्या राहिल्या असताना ती म्हणाली, "बास, आज इथपर्यंत. वर चढायचं पण आहे." ती पायरीवर बसली. पाय लांब केले. बसल्याबसल्या मी तिच्या मांडीवर हात ठेवला, लहानपणी ठेवायचे तसा. खळगा भरून आला नव्हता. पण बोट दाबलं तर आतून काहीतरी परत दाबत होतं.

निघताना स्टँडवर तिने माझ्या पिशवीत कागदात गुंडाळलेलं काहीतरी जड सरकवलं. मला वाटलं, लाडू. पुण्याला येऊन उघडलं तर दोन पट्टे होते, हिरव्या फॉलच्या कापडाचे, पांढऱ्या नाड्यांचे. माझा उजवा गुडघा जिन्यावर कुरकुरतो हे मी तिला सांगितलं नव्हतं. मी फोन केला.

"अर्ध्या किलोचे आहेत," ती म्हणाली. "तीन बाजू मशीनवर पक्क्या शिवल्यात. चौथीला नुसता कच्चा दोरा घातलाय."

"का गं?"

"उसवायला सोपं. वाळू वाढवायचीय ना पुढे."